तिसऱ्या रॉडचा दुसरा नट

संपादकांचा फोन आला तेव्हा मी वारज्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खाली पार्किंगमधल्या एका गाडीचं इंजिन ऐकत होतो. चारातला एक सिलिंडर मधूनमधून दांडी मारत होता. मालक ती गाडी रोज तशीच ऑफिसला नेतो आणि आत गाणी मोठ्यानं लावतो, त्यामुळे त्याला काही ऐकू येत नाही. मी सांगायला जात नाही. न विचारता सल्ला दिला की लोक आधी तुमच्या पांढऱ्या केसांकडे बघतात आणि मग घड्याळाकडे.

"दरेकर, तीस वर्षं तुम्ही इंजिनं बांधलीत. दिवाळी अंकासाठी त्यातल्या गमतीजमती लिहा की," संपादक म्हणाले. "जरा हलकंफुलकं."

हो म्हटलं आणि लिहायला बसलो. चार पानं झाली, हलकीफुलकीच झाली. पाचव्या पानावर एक वाक्य उतरलं आणि माझा हात थांबला. ते वाक्य मी सोळा वर्षं तोंडानं बोलत आलोय. त्यात एक शब्द खोटा नाही. पण त्या वाक्यानं एका माणसाचं नाव मातीत गेलं. तोंडानं बोलताना जीभ कधी अडखळली नाही, आणि कागदावर निळ्या शाईत ते बघितल्यावर मात्र मला बघवेना. पानं फाडली. आता लिहितोय ते त्या माणसासाठी, युसुफभाईंसाठी. गमतीजमती हव्या असतील त्यांनी सरळ पुढचा लेख काढावा.

आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर माझा गुन्हा काय होता ते कळायचं नाही.

माझं गॅरेज स्वारगेटच्या मागच्या एका बोळात होतं. साधी दुरुस्तीही करायचो, पण नाव झालं ते इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधायचं आणि त्याची ताकद वाढवायची यासाठी. इंजिनाचं गणित लोहाराच्या भात्यासारखं आहे. जास्त हवा आत घ्या, नीट पेटवा, धूर पटकन बाहेर काढा, की गाडी पळते. पण पळणाऱ्या इंजिनाच्या आतल्या लोखंडाचे काय हाल होतात ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो. त्याला खालून जो दांडा जोडलेला असतो तो रॉड. रॉडचं खालचं टोक क्रँकला मिठी मारून बसतं. सायकल मारताना गुडघा खालीवर जातो आणि पायडल गोल फिरतं, तसंच हे. इंजिन जोरात फिरतं तेव्हा पिस्टन सेकंदाला दोनशेच्या वर वेळा दिशा बदलतो आणि दर वेळी तो सगळा हिसका त्या मिठीवर येतो. ही मिठी दोन तुकड्यांची असते, दोन बोल्ट आणि दोन नट लावून आवळलेली. चार सिलिंडर, चार रॉड, आठ नट. हे आठ नट लक्षात ठेवा.

नट आवळायला टॉर्क पाना असतो. ठरलेला ताण आला की तो 'कट्' असा आवाज करतो. कमी आवळला तर नट सुटणार, जास्त आवळला तर बोल्ट ताणून तुटणार. माझ्या उस्तादांनी घालून दिलेली रीत अशी की आधी सगळे नट साध्या पान्यानं बसते करायचे, मग टॉर्क पान्यानं एकेक आवळायचा, 'कट्' आला की त्याच नटावर पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका द्यायचा आणि मगच पुढच्याला हात लावायचा. हे चालू असताना गॅरेजात कोणी बोलायचं नाही. "ठिपका दिला म्हणजे जबान दिली," उस्ताद म्हणायचे. एकदा त्यांनी एका मेकॅनिकला ठिपका आधी दिला म्हणून ब्रश हिसकावून घेतला आणि महिनाभर त्याच्याकडून फक्त पार्ट धुऊन घेतले. आम्ही तेव्हा हसलो होतो.

राहिली क्रँक. रॉड जिथे मिठी मारतो तो क्रँकचा भाग झिजला की मशीनवर घासून परत गोल करावा लागतो. ते काम माझ्याकडे नव्हतं, ते नाना पेठेत युसुफभाईंकडे. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे, अंगानं काटक, नाकावर चष्मा आणि तोंडात शब्द मोजके. त्यांचं ग्राइंडिंग मशीन त्यांच्या वडिलांच्या काळातलं होतं. आमच्या धंद्यात माप थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. डोक्याचा केस साधारण तीन थाऊ. क्रँक आणि रॉडच्या मिठीतलं बेअरिंग यांच्यामध्ये तेल खेळायला जी मोकळीक ठेवायची ती केसाच्या निम्म्याहून जराशीच जास्त. युसुफभाई सकाळी एकदा मोजायचे, दुपारची नमाज पढून आल्यावर परत मोजायचे, आणि मी न्यायला गेलो की मायक्रोमीटर माझ्या हातात द्यायचे.

"आता तू मोज," म्हणायचे. "आणि मोठ्यानं म्हण."

मी मोजून आकडा म्हणायचा, मग आपला आकडा ते म्हणायचे. दोघांच्या तोंडून एकच आकडा आला की क्रँकला तेल लावून कापडात गुंडाळायची. नाही आला तर चहा प्यायचा आणि पुन्हा मोजायचं. वीस वर्षांत चहा तीनदा प्यावा लागला, तिन्ही वेळा मी चुकलो होतो.

मग देश खुला झाला म्हणतात तसं झालं. पूर्वी आमच्याकडे दोन-तीन जातीच्या गाड्या यायच्या, डोळे मिटून बांधाव्यात अशा. आता जपानी, कोरियन, जर्मन, काय वाटेल ते येऊ लागलं. हडपसरला आयटी पार्कं उभी राहिली आणि पंचविशीतली पोरं इंटरनेटवरून छापलेल्या कागदांची भेंडोळी घेऊन दारात उभी राहू लागली. तिकडचेच एक बागायतदार आठवतात. जमीन आयटी पार्कात गेली, दारात नवी गाडी आली. मला म्हणाले, "दरेकर, आवाज असा पायजे, का आख्ख्या गावाला कळलं पायजे मी निघालोय."

"मग हॉर्न बदला ना," मी म्हटलं, "इंजिनाला कशाला त्रास?"

रागावून गेले आणि आठ दिवसांनी परत आले. माझं तेव्हा असं होतं की मी बोलायचो आणि लोक ऐकून घ्यायचे. खोटं कशाला बोलू, मी शेफारलो होतो. गाड्यांची रांग बोळाच्या तोंडापर्यंत जायची. आणि त्या घाईत मी उस्तादांची रीत मोडली. दर नटाला पाना खाली ठेवा, ब्रश उचला, ठिपका द्या, परत पाना उचला, याला फार वेळ जातो असं वाटायला लागलं. मग मी आठही नट बसते केले की आठांवर ठिपके देऊन टाकायचो आणि मग सलग आवळत जायचो. कुठे बिघडलं? आवळणारा मीच, ठिपके देणाराही मीच. शेकडो इंजिनं अशी बांधली आणि एकही नट सुटला नाही.

अमोल गावंडे त्याच सुमारास आला. मूळचा अकोल्याचा, हडपसरला एका कंपनीत प्रोग्रॅमर. एरवी शुद्ध पुणेरी आणि इंग्रजीची भेळ बोलायचा, पण गाडीचा विषय निघाला की गाव बाहेर पडायचं. सोळाशे सीसीची जपानी गाडी होती त्याची.

"काका, कॉलेजमधी असल्यापासून स्वप्न हाय," म्हणाला. "घाटाच्या स्पर्धेत एकदा तरी पयवायची. हारलो तरी चालते."

इतर पोरांसारखा तो घाई करायचा नाही. शनिवारी यायचा, स्टुलावर बसून काम बघायचा आणि चांगले प्रश्न विचारायचा. त्याला मी युसुफभाईंकडे घेऊन गेलो. क्रँक त्याच्यासमोर मोजली. मोकळीक किती थाऊ राहते ते काढून मी म्हटलं, "पावणेदोन." युसुफभाई म्हणाले, "पावणेदोन." अमोलला ती रीत इतकी आवडली की त्यानंही हात जोडून "पावणेदोन" म्हटलं. युसुफभाई सहसा हसत नसत, त्या दिवशी हसले.

त्याचं इंजिन मी एका मंगळवारी बांधत होतो. आठ नट बसते केले, आठांवर ठिपके दिले, टॉर्क पाना घेतला. पहिल्या रॉडचे दोन, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचा एक. तेवढ्यात मोबाइल वाजला. मोबाइल नवा होता. गॅरेजात न बोलण्याचा नियम इतरांना होता, मालकाच्या खिशातल्या फोनला नव्हता. गाड्यांच्या एका मासिकाचा माणूस बोलत होता, त्याला माझ्यावर लेख लिहायचा होता. आत रेंज मिळेना म्हणून मी बोळाच्या तोंडाशी गेलो आणि तिथे उभं राहून अर्धा तास स्वतःबद्दल बोललो. उस्तादांच्या शिस्तीबद्दलही बोललो, काय सांगावं!

परत आलो तेव्हा डोकं हवेत होतं. समोर बघितलं तर तिसऱ्याचे दोन्ही ठिपके पिवळेधमक. तिसरा झाला, असं धरून मी चौथ्याला पाना लावला. कट्. कट्. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर बंद केलं.

तो नट अगदी सैल नव्हता, साध्या पान्यानं बसता केलेला होता. त्यामुळे इंजिन उत्तम चाललं. नवीन बांधलेल्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर संथ चालवून अंग जुळवून द्यावं लागतं. अमोलनं ते इमानेइतबारे केलं. रोज हडपसर ते वारजे, मित्रांच्या टवाळ्या सोसून बैलगाडीच्या चालीनं. महिनाभरानं मी ट्यूनिंग केलं आणि त्यानं पहिल्यांदा पायाखालचं सगळं दाबलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "काका, काय पयते हो!" एवढंच म्हणत राहिला.

स्पर्धा हौशी मंडळींनी भरवलेली होती, शहराबाहेर एका घाटातल्या जुन्या, वाहतुकीला बंद झालेल्या रस्त्यावर. रविवारची सकाळ. युसुफभाई कधी असल्या ठिकाणी यायचे नाहीत, पण अमोलनं घरी जाऊन आमंत्रण दिलं होतं म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले होते. गाडी सुटली. आम्ही दोघं तिसऱ्या वळणाच्या खाली कठड्यापाशी उभे होतो. मी गाडीकडे बघत होतो, युसुफभाई डोळे मिटून ऐकत होते.

टकटक असा आवाज दोन-तीन सेकंदच आला असेल. मग घण बसावा तसा दणका. रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, सगळं तेल गाडीच्या स्वतःच्याच चाकांखाली सांडलं, आणि गाडी त्यावरून घसरत समोरच्या दगडी कठड्यावर आपटून उलटली. लोक धावले, मी धावलो. अमोल शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "काका, माझं काई चुकलं का? गेअर बराबर टाकला होता मी."

मी मागे वळून बघितलं तर युसुफभाई होते तिथेच उभे होते. चेहरा पांढराफटक.

"बेअरिंग गेलं, दरेकर," म्हणाले. "माझं बेअरिंग गेलं."

अमोलचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात आली. शटर अर्धं ओढून मी एकट्यानं चेंबर खोललं. आत तेलाचा चिखल, बेअरिंगचे तुकडे, रॉडचा कपचा. तिसऱ्या रॉडच्या मिठीतला क्रँकचा भाग जळून निळा पडला होता. चिखलात बोटं फिरवताना एक नट हाताला लागला. पुसला. अख्खा होता. बोल्ट तुटून पडला असता तर नटात तुटका बोल्ट अडकलेला असता. ओरबाडून निघाला असता तर आतले आटे उधडले असते. इथे आटे नवे कोरे होते. हा नट हळूहळू, एकेक आटा मोजत आपल्या पायानं चालत बाहेर आला होता. त्याचा सोबती बोल्ट मग एकट्यानं सगळा हिसका सोसता सोसता तुटला. आणि नटावर पिवळा ठिपका होता.

 त्या अर्ध्या तासातला प्रत्येक क्षण मला आठवला, फोन, बोळ, ती बढाई. मी नट खिशात घातला. कोणी बघत नव्हतं तरी इकडेतिकडे बघून घातला.

दुसऱ्या दिवशी अमोलचे वडील आले. अकोल्याला शाळामास्तर होते. धोतर नाही, पण टोपी होती, हातात कापडी पिशवी. ओरडले नाहीत. तेच जास्त भयंकर होतं.

"दरेकर साहेब, मी भांडायला आलो नाही," ते म्हणाले. "पोलिसातही जायचं नाही. पोरगा म्हणतो, माझंच चुकलं असेल. रात्रंदिवस तेच धरून बसला आहे. मला फक्त कळायला हवं, चूक त्याची होती की यंत्राची. तेवढं सांगा म्हणजे मी त्याला सांगतो."

खिशात नट होता. मी हात खिशात घातला, नट मुठीत धरला आणि ते वाक्य बोललो.

"क्रँक बाहेरून घासून आणली होती."

बघा, एक शब्द खोटा आहे का? मास्तरांनी क्रँक म्हणजे काय ते विचारलं, मी समजावून सांगितलं. कोणी घासली ते विचारलं, मी पत्ता दिला. ते बसनं नाना पेठेत गेले.

संध्याकाळी युसुफभाई माझ्याकडे आले. वीस वर्षांत ते माझ्या गॅरेजात फार तर चार वेळा आले असतील. स्टुलावर बसले, ज्यावर अमोल बसायचा त्याच स्टुलावर.

"ते गृहस्थ येऊन गेले," म्हणाले. "मी त्यांना म्हटलं, माझ्या हातून झालं असेल, माफ करा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"दरेकर, एक सांग. मी तीनदा मोजलं होतं. पण मोजणारा मीच ना. नजर चुकली तर तिन्ही वेळा चुकेल. तूही मोजलं होतंस. तुला काय दिसलं होतं?"

पावणेदोन. मला लख्ख दिसलं होतं. अमोलनं हात जोडले होते तेही दिसत होतं.

"आता आठवत नाही," मी म्हणालो.

ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. संशयानं नव्हे हो. संशयानं बघितलं असतं तर मी कदाचित बोललो असतो. माझ्या विसरण्यावर त्यांनी विश्वास ठेवला आणि उठून गेले.

इंजिनवाल्यांचं पुणं लहान आहे. जो तो विचारायचा, काय झालं त्या घाटात, आणि मी म्हणायचो, क्रँक बाहेरून घासून आणली होती. पुढचं लोक आपापलं समजून घ्यायचे. कोणी म्हणे म्हातारा झाला, कोणी म्हणे मशीन जुनं झालं. त्यांच्याकडे जाणारी कामं दुसरीकडे जाऊ लागली. पण लोकांमुळे त्यांनी दुकान बंद केलं असं म्हणून मला सुटता येणार नाही, कारण लोक थोडे तरी येतच होते. ते स्वतःच घाबरले होते. एक क्रँक चार-चार दिवस मोजत बसायचे आणि द्यायचे नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तीनदा गेले. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. "डोळे उत्तम आहेत म्हणजे हात गेले," हे माझ्यापाशी म्हणाले. वर्षभरात मशीन उचलून हडपसरच्या एका कारखान्यानं नेलं. त्या दिवशी त्यांनी लाकडी पेटीतला मायक्रोमीटर मला आणून दिला, त्यांच्या वडिलांचा.

"तू वापर," म्हणाले. "माझ्या हातात शोभत नाही."

आणि मी तो घेतला! नुसता घेतला नाही, पुढची नऊ वर्षं वापरला. मग युसुफभाई मुलाच्या मोबाइल रिचार्जच्या दुकानात गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. मी ईदला जायचो, शीरखुर्मा खायचो, यायचो. त्या मासिकातला लेख छापून आला होता, माझ्या फोटोसकट. बायकोनं कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं. काढून टाक म्हणायची सोय नव्हती, तिनं 'का' म्हणून विचारलं असतं. ती गेली तेव्हाही ते भिंतीवरच होतं.

ठिपके मात्र त्या दिवसापासून मी पुन्हा एकेक नट आवळूनच दिले. अक्कल आली, पण पाय दुसऱ्याचा गेला आणि नाव तिसऱ्याचं गेलं.

तर ती पानं फाडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी नट आणि मायक्रोमीटरची पेटी घेऊन नाना पेठेत गेलो. नट इतकी वर्षं एका व्हॉल्व्हच्या डबीत कापूस घालून ठेवला होता. टाकून का दिला नाही, मला सांगता येत नाही. दिवाळी अंकासाठी लिहितोय आणि भेटायला येतोय, एवढं आधी फोनवर सांगितलं होतं. युसुफभाई घरीच होते. आता मात्र डोळे खरंच गेले आहेत, उजेड-अंधार कळतो तेवढंच. त्यांची बायको, आमच्या भाभी, चहा ठेवून तिथेच सुपारी कातरत बसल्या.

मी काही प्रस्तावना केली नाही. नट त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो बोटांत फिरवला. अंगठ्याचं नख आत घालून एकेक आटा चाचपला, शेवटपर्यंत. मग परत पहिल्यापासून. आंधळा माणूस, पंधरा वर्षं मशीनला हात न लावलेला, आणि तरी मला एक शब्द समजवावा लागला नाही.

"आटे शाबूत आहेत," म्हणाले. "कुठला?"

"तिसऱ्या रॉडचा. दुसरा."

"अमोलच्या गाडीचा?"

"हो. आवळलाच नव्हता मी. ठिपका आधी दिला होता. फोन आला."

सुपारीचा आवाज थांबला. युसुफभाईंनी नट मुठीत धरला.

"मग माझं माप?"

"पावणेदोन," मी म्हटलं. "मीही मोजलं होतं. त्या दिवशी विचारलंत तेव्हाही आठवत होतं."

"पावणेदोन," ते म्हणाले. मग भाभींकडे तोंड फिरवून म्हणाले, "सुनती क्या? मेरा माप बराबर था."

भाभींनी डोळ्यांना पदर लावला. मी रडलो, ते सांगण्यात काही अर्थ नाही. माफ करा म्हणालो, तर त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. मुठीतला नट चाचपत मग बोलले.

"सोळा वर्षं, दरेकर. नमाजआधी हातपाय धुवायला, वजूला बसलो की हात बघायचो. या हातानं एका पोराचा पाय घेतला. नमाजमध्ये तेच. तुला एका नटाला किती वेळ लागला असता रे?"

"दहा सेकंद."

"दहा सेकंद," त्यांनी मान हलवली. "आणि मला सांगायला?"

मी बाजूला ठेवलेली पेटी जवळ ओढली.

निघताना मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी मायक्रोमीटर बाहेर काढला, हातानं ओळखला, परत ठेवला. नट मात्र माझ्या हातात परत दिला. "मायक्रोमीटर इथं राहील. नट तुझा, तू घेऊन जा," म्हणाले. मग मी दारापर्यंत आल्यावर त्यांनी विचारलं, "तू कुठं तरी लिहितोयस म्हणत होतास ना फोनवर? ज्यांना ज्यांना सांगितलं होतंस, त्यांना आता घरोघर जाऊन सांगणार आहेस का? नाही ना? मग लिही. नाव घालून लिही."

त्याच दुपारी अमोलला अकोल्याला फोन केला. तो आता घरूनच काम करतो, लग्न झालंय, एक मुलगी आहे. दर दिवाळीला मला शुभेच्छा पाठवत आला आहे. सगळं सांगितलं.

"बाबा गेले, काका, दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत म्हणत, त्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हातून चुकलं, त्याले बोल लावू नको. बाबायले सांगाले पायजे होतं तुमी."

आणि फोन ठेवला. या दिवाळीला त्याच्या शुभेच्छा येणार नाहीत, आणि आल्या नाहीत तर मला वाईट वाटण्याचा अधिकार नाही.

तर ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून ते वाक्य ऐकलं असेल, स्वारगेटचे असोत, हडपसरचे असोत, त्यांनी ते आता खोडावं. अमोल गावंडेच्या गाडीची क्रँक नाना पेठेतल्या युसुफभाई शेख यांनी घासली होती. माप बरोबर होतं. तिसऱ्या रॉडचा दुसरा नट मी, मोहन दरेकरनं, आवळला नव्हता.

अंक छापून आला की पहिली प्रत घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांना दिसत नाही, भाभींना मराठी वाचता येत नाही. मलाच मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल.